जळबाचे सत्त्याण्णव फोटो

३ डिसेंबर २०२४, हिंगोली

प्रस्ताव आज वर गेला. बावीस वर्षं संस्था चालवतोय, पण साखरा गावचा बरडमाळ राखीव व्हावा म्हणून जेवढे कागद रंगवले तेवढे आयुष्यात कधी रंगवले नव्हते. दिसेल तिथं रोपं खोचत सुटलेल्या मंडळींना माळ म्हणजे पडीक जमीन वाटते. त्यांच्या गळ्यात हार पडतात, आणि मी अठ्ठावन्नाव्या वर्षी कुसळं उपटत बसतो, गवतातली आणि पायजम्यातलीही.

प्रस्तावाचा जीव कॅमेऱ्यात आहे. माळाच्या मधोमध पाटासारखा एक चपटा काळा दगड आहे. त्याच्यासमोर खांबाला आमचा कॅमेरा बांधलेला असतो, समोर काही हललं की फोटो निघतो. तीन हिवाळ्यांत लांडग्यांचे दोनशे बारा फोटो निघाले. पिल्लं व्हायच्या दिवसांत त्यांचा कळप दरवर्षी त्या दगडाशी पुन्हा पुन्हा येतो, कधी तोंडात शिकार घेऊन उभा असतो. या एका निरीक्षणावर माझा निबंध उभा आहे आणि खरं सांगायचं तर माझं नावही. पुण्यात मला 'दगडवाले वैजनाथराव' म्हणतात, निम्मे कौतुकानं आणि निम्मे खवचटपणानं.

फोटो कोमलनं निवडले. जवळा बाजारची मुलगी, एमएस्सी करून तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे लागली. हुशार आहे, फक्त प्रश्न फार विचारते. निवडायचा नियम मीच कधीकाळी लिहून दिलेला आहे: जनावर दिसलं तर 'वन्यजीव' फोल्डर, माणूस दिसला तर 'हस्तक्षेप' फोल्डर. हस्तक्षेपात सत्त्याण्णव फोटो निघाले. सगळे एकाच माणसाचे, जळबाचे. माळावर मेंढरं चारणारा साखऱ्याचा म्हातारा.

कोमल म्हणाली, "सर, यांच्या हातात दरवेळी काहीतरी दिसतंय."

"घोंगडी असेल," म्हटलं. झुंजुमुंजूचा उजेड, त्यात पाठमोरा माणूस. काही असो, सत्त्याण्णव हा आकडा फार कामाचा आहे. माळाला माणसाचा किती त्रास आहे हे सांगायला दुसरं काही लागणार नाही.

११ डिसेंबर

माळावर गेलो होतो. जळबानं मेंढरांभोवती वाघूर लावलं होतं, म्हणजे जाळीचं कुंपण. रुक्माबाई चुलीपाशी होती. मेंढ्या व्यायला लागल्यात, चार-पाच कोकरं धडपडत होती.

"साहेब, थोरली यंदा जड हाय," जळबा म्हणाला. थोरली म्हणजे लांडग्यांच्या कळपातली मोठी, आता गाभण मादी, हे नाव त्याचंच. "नाल्याच्या वरल्या अंगाला उकरून राहिली. तिकडं गाडी नेऊ नका."

दुर्बिणीतून पाहिलं. मातीचा ताजा ढीग होता. वहीत टिपलं: 'वैजनाथ यांना बिळाचं ठिकाण आढळलं.'

पहाटे लांडग्यानं एक जितं कोकरू नेलं म्हणे. राग येत नाही का, विचारलं. पंधरा वर्षांत हा प्रश्न मी त्याला बऱ्याचदा विचारलाय, उत्तर ऐकायला बरं वाटतं म्हणून.

"राग काहून यावा? त्यानं त्याचा वाटा नेला. समदंच आपलं म्हनलं तर माळ कुनाचा?"

हे वाक्य मी तीन भाषणांत वापरलंय. लोक टाळ्या वाजवतात. जळबाचं नाव घेत नाही, 'एक वृद्ध मेंढपाळ' म्हणतो. तसं म्हटलं की जास्त परिणाम होतो.

प्रस्तावातल्या चराईबंदीचं काही बोललो नाही. हातात चहा असताना असा विषय निघत नाही.

९ जानेवारी २०२५

चार पिल्लं. बिळाच्या तोंडाशी एकमेकांचे कान ओढत होती. थोरली बाजूला पाय पसरून पडली होती, लेकुरवाळीचं अंग ते, दमलेलं. पोट मात्र भरलेलं दिसत होतं. बावीस वर्षांत चांगल्या दिवसांची मोजदाद केली तर दोन्ही हातांची बोटं लागणार नाहीत, पण आजचा दिवस त्यात धरावा लागेल.

२ मार्च

साखऱ्याची ग्रामसभा. चराईबंदीचा ठराव मंजूर. सरपंच देविदास इतक्या चटकन 'हो' म्हणाला की मलाच नवल वाटलं. गावात स्वतःची मेंढरं असलेलं घर आता जळबाचं एकच, बाकी सगळ्यांच्या शेळ्या दावणीला. दुसऱ्याच्या उपासानं पुण्य मिळत असेल तर कोण नको म्हणेल?

शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून सगळं समजावलं. हस्तक्षेपाचे फोटो आले तशी पोरंटोरं हसायला लागली, "जळबामामा शिनेमात!" जळबा मागं उभा होता. पटका सावरत पुढं आला.

"साहेब, ह्या फोटोत म्या काय केलं?"

"काही केलं नाही जळबा. तुम्ही तिथं होता एवढंच. माणूस आला की जनावर बिथरतं."

त्यानं भिंतीकडं बोट केलं. म्हणाला, "ह्याच्या फुडला फोटो दावा की. म्या गेल्यावर कोन आलं त्यो."

आता ते लांडग्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरात, वेगळ्या सादरीकरणात. सभेत शोधत कोण बसणार? "ते नंतर दाखवतो," म्हणालो. देविदासनं ठराव वाचायला घेतला. जळबा चपला घालून निघून गेला.

घरी सांगितलं तर आशा म्हणाली, "पंधरा वर्षं त्याच्या घरचा चहा प्यायलात आणि त्यालाच भिंतीवर टांगलंत." बायकोला तत्त्व आणि चहा यांतला फरक समजावता येत नाही.

वाईट मलाही वाटलं. नाही असं नाही. पण हे काम मन राखून होत नाही.

१६ जून

कुंपण पुरं झालं. साडेपाच किलोमीटर तार, एक फाटक, एक कुलूप, किल्ली माझ्याकडं.

जळबा आज ऑफिसात येऊन गेला. मी दिल्लीकरांबरोबर मीटिंगमध्ये होतो, कॉम्प्युटरवर. कोमलनं दोनदा चिठ्ठी सरकवली. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत तो बाहेरच्या बाकड्यावर बसून होता म्हणे, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी बाहेर आलो तेव्हा बाकडं रिकामं होतं. मेंढरं घेऊन वाशीमच्या बाजूला चाललाय, तिकडं कुणाच्या तरी रानात बसवणार.

कोमलजवळ निरोप ठेवून गेला. तिनं जसाच्या तसा लिहून घेतलाय: "साहेबाला म्हना, हिवाळ्यात दगड रिकामा ठिऊ नका."

म्हणजे दगडात यांना देव दिसतो. आज निरोप, उद्या शेंदूर, परवा जत्रा. कोमलला सांगितलं, दगडाला कुणी हळदकुंकूसुद्धा लावता कामा नये, लक्ष ठेव.

२१ सप्टेंबर

गवत कमरेला लागतंय. पवन्या जातीचं तर छातीपर्यंत. विश्वस्त मंडळी पाहून गेली, गवतात उभं राहून फोटो काढून घेतले, मला हार घातला. मानेला डास चावत होते, तरी हसलो.

काळविटं मात्र दिसली नाहीत. एवढ्या उंच गवतात त्यांना लांबचं दिसत नाही, म्हणून पलीकडच्या सोयाबीनमध्ये सरकली असतील. येतील परत. मंडळींना तसंच सांगितलं.

७ डिसेंबर

दगडावरच्या कॅमेऱ्यात महिनाभर काही नाही. वाऱ्यानं हललेलं गवत आणि एक साळिंदर. शेवटी परवा थोरली आली. एकटीच, पुन्हा जड. सहा फोटो. पहिल्यात दगड हुंगतेय. दुसऱ्यात दगडाच्या मागं हुंगतेय. मग चारही फोटोंत समोर बसलेली, तोंड फाटकाच्या दिशेला. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत एक तास चाळीस मिनिटांचं अंतर.

"सर, ती कुणाची तरी वाट बघतेय असं वाटतं," कोमल म्हणाली.

"शास्त्रात वाट बघणं नसतं. हद्दीवर नजर ठेवणं असतं."

तिनं मान हलवली आणि फोटो 'वन्यजीव'मध्ये टाकले. बरगड्या मात्र दिसत होत्या थोरलीच्या. ते मी वहीत लिहिलं नाही, इथं लिहितो.

२२ डिसेंबर

तीन मेले.

साखऱ्याच्या शिवेवर, तुरीच्या रानात. एक नर आणि दोन गेल्या सालची पिल्लं, त्या कान ओढणाऱ्या चारांतली. तोंडाला फेस, शेजारी अर्धवट खाल्लेली शेळी. तिच्या अंगाला फवारणीच्या औषधाचा वास एवढा येत होता की कोमल बांधावर जाऊन ओकली. मी ओकलो नाही. मी पिल्लाच्या कानावरची कुसळं काढत बसलो, का ते कळलं नाही. घरी आल्यावर मोठ्यानं रडलो. आशानं दार लावून घेतलं, शेजारी ऐकू नये म्हणून.

थोरली त्यांच्यात नाही. पोटात पिल्लं घेऊन कुठंतरी असेल. आता सगळं तिच्यावर आहे. ती गेली तर माळ म्हणजे नुसतं तारेतलं गवत.

पंधरा दिवसांत गावातल्या सहा शेळ्या लांडग्यांनी नेल्या होत्या. हे आजच कळलं. त्यांतल्या चार देविदासच्या. बिचारा स्वतःचं नुकसान बाजूला ठेवून पंचनाम्याला दिवसभर उभा होता. त्यानंच मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, नाव घेऊ नये, पन जळबाचा डाव हाय ह्यो. त्याची चराई गेली, त्यो डूख धरून राहिला. लांडग्याची वाट त्याच्याबिगर कुनाला ठावं?"

पटलं. ज्याला राखणदार म्हणून भाषणांत मिरवला, त्यानंच गळा कापला. कुंपणच शेत खातं ते हे असं. तक्रारीत जळबाचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

२८ डिसेंबर

जळबाला वनखात्यानं वाशीमकडून आणून दोन दिवस चौकशीला बसवलं आणि सोडलं. पुरावा नाही. महिनाभर तिकडंच होता, असं तिथल्या शेतमालकानं लेखी दिलं.

म्हणजे दुसऱ्या कुणाकडून करवलं असेल. हे लिहिलं खरं, पण लिहिताना मलाच फोल वाटलं.

४ जानेवारी २०२६

साखऱ्याला जळबाच्या घरी गेलो. कोमलनं हट्टच धरला. म्हणाली, "सर, जून महिन्यातला तो निरोप मला झोपू देत नाही. नीट विचारून तरी घ्या." तिलाही सोबत नेलं.

दारात मेंढरांचा वास होता, मेंढरं नव्हती. जळबा ओट्यावर बसला होता. माझ्याकडं बघून मान वळवली. तो चौकशीत अडकलेला असताना रुक्माबाई परमुलखात एकटी, कळप सांभाळणं झेपेना. म्हणून सुटून आल्या आल्या सगळी मेंढरं जवळा बाजारच्या बाजारात उभी केली. एकाच दिवसात गेली.

बोलली ती रुक्माबाईच. मी दगडाचा निरोप काढला, त्यात देवाधर्माचं काही होतं का विचारलं.

"कसला देव साहेब? हिवाळ्यात मेंढ्या व्यातेत. दर साली पंचवीस-तीस मेलेली निपजतेत, चार-दोन थंडीनं जातेत. आमी ती पुरत न्हाई. दगडावर ठिवतो. माजा सासरा ठिवायचा, त्याचा बाप ठिवायचा. त्याच वक्ताला थोरली बाळतीन असती, तिला लांब जाता येत न्हाई. तिचं पोट दगडावर भरलं की ती वाघराला तोंड लावत न्हाई, गावात बी शिरत न्हाई. एखादं जितं नेलं तर नेलं. दगडावर मेलेलं ठिवायचं म्हून जितं वाचतं. आमचं बी, तिचं बी."

म्हटलं, "मग मला पंधरा वर्षांत कधी सांगितलं का नाही?"

तिला प्रश्नच कळला नसावा.

"तुमचा क्यामेराच तिथं व्हता की. आमाला वाटलं तुमाला दिसून राहिलंय. ह्ये तर घरी येऊन सांगायचे, साहेब समदं बघून राहिलेत म्हून."

कॅमेरा पहिल्यांदा बसवायला जागा कुणी दाखवली होती, तेही मला तेव्हाच आठवलं. इथं बांधा साहेब, इथं येतेत ती, असं जळबाच म्हणाला होता.

निघताना रुक्माबाईनं एवढंच म्हटलं, "औषिध कुनी टाकलं त्ये गावातल्या लेकराला बी ठावं हाय. तुमी इचारलं कुनाला? ज्याच्या चार शेळ्या गेल्या त्यालाच." चहाचं तिनं विचारलं नाही.

५ जानेवारी

दिवसभर ऑफिसचं दार आतून लावून बसलो. दोन्ही फोल्डर एकत्र केले आणि तारीख-वेळेनं लावले. अर्ध्या तासाचं काम. तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

सकाळी सहा चाळीस, जळबा दगडाशी वाकलेला. सात पंधरा, थोरली दगडाशी. सहा पन्नास, जळबा. साडेसात, थोरली आणि नर. पुन्हा जळबा. पुन्हा ती. सत्त्याण्णव वेळा तो येऊन गेला, आणि एखाददुसरा दिवस सोडला तर दरवेळी त्याच्या मागोमाग ती. फोटो मोठा करून पाहिला की हातातल्या कोकराचे चार पाय मोजता येतात. मी त्याला घोंगडी म्हणालो होतो. थोरलीच्या तोंडातली जी शिकार मी निबंधात वर्णन केलीय, ती तीच कोकरं.

एका फोटोत जळबा वळून कॅमेऱ्याकडं बघतोय आणि हात जोडतोय. मलाच की. दुसरं कोण होतं कॅमेऱ्याच्या मागं?

लाज वाटते. आधी वाटलं राग आहे, मग वाटलं दुःख आहे, पण नाही, लाजच आहे. माझ्याजवळ सगळं होतं. फक्त दोन डब्यांत घातलं होतं.

देविदासबद्दल तक्रार दुरुस्त करून दिली. वनखात्यात 'पाहतो' म्हणाले.

१० जानेवारी

पहाटे पुन्हा जळबाकडं गेलो. माफी मागितली. हात जोडले, तेव्हा तो फोटो आठवला. म्हटलं, थोरली अजून आसपास असेल, बाळंतपणाचे दिवस आहेत, तुम्ही चला, दगडावर ठेवू काहीतरी. फाटक उघडून देतो.

पहिल्यांदा बोलला. आवाज शांत होता. "आता माझ्याकं मेंढरंच न्हाईत साहेब. इकत आनून वाटा व्हत न्हाई."

मी तरी गेलो. आज जवळ्याचा बाजार होता. एका गाडीत मेंढरांच्या गर्दीत चेंगरून मेलेलं कोकरू मिळालं. काय करणार त्याचं, मेंढरंवाल्यानं विचारलं. सांगता आलं नाही. पोत्यात घालून आणलं, कुलूप काढलं, कमरेएवढ्या गवतातून तुडवत दगडापर्यंत नेलं. दगड गवतात बुडालाय, आधी हातानं गवत मोडावं लागलं. ठेवताना काही म्हणायचं असतं का, ते विचारायचं राहून गेलं.

जंगली जनावराला अन्न घालू नये, असं परिपत्रक आहे. खाली सही माझी.

२५ जानेवारी

दर दोन-तीन दिवसांनी, आजूबाजूच्या बाजारांतून मेलेलं कोकरू शोधून जात राहिलो, पहिली खेप धरून सात वेळा. ठेवलेल्यावर घारी उतरतात, बाकी उरतं ते मुंग्या नेतात. नाल्याच्या वरच्या अंगाचं बीळ पाहून आलो. तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलंय.

विश्वस्तांचा निरोप आलाय, वार्षिक अहवालात मुखपृष्ठावर थोरलीचा फोटो हवा, तो दगडावरचा, प्रसिद्ध.

दुपारी कोमल कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन आली.

"सर, पंधरा दिवसांचे फोटो निवडले. लांडगा नाही. तुमचे सात आहेत, हातात पोतं घेतलेले." मग म्हणाली, "काय करू कळेना. नियमाप्रमाणे हस्तक्षेपात टाकलेत."

"बरोबर केलंस," म्हणालो.